बेस केवढा बांधायचा? सबनॉटिकापासून सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग आणि खांदेरीपर्यंत

आजचा भाग समुद्रातल्या किल्ल्यांवर आहे, पण सुरुवात एका गेमपासून करतो, कारण मला हा प्रश्न तिथेच पडला.

सबनॉटिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. २०१८ साली तो पूर्ण स्वरूपात आला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं अवकाशयान एका परक्या ग्रहावर कोसळतं, तो ग्रह जवळजवळ सगळा समुद्रच, आणि तुम्ही एका छोट्याशा लाइफपॉडमध्ये एकटे. तहान लागते, भूक लागते, पाण्याखाली श्वास संपतो. मग तुम्ही तळाशी स्वतःचा बेस बांधायला घेता. आणि नवीन खेळाडूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बेस केवढा बांधू?

आमच्या ग्रुपमधल्या एकाने पहिल्याच आठवड्यात राजवाडा बांधला. जिकडे तिकडे काच. आता या गेममध्ये प्रत्येक बेसला मजबुतीचा एक आकडा असतो. खोली जोडली की तो कमी होतो, काच लावली की आणखी कमी. खाली पाया टाकला, भिंतीला जाड मजबुतीचं पॅनेल ठोकलं, की वाढतो. आणि जितकं खोल जाल तितकी वजाबाकी मोठी. आकडा शून्याखाली गेला की भिंतींना भेगा आणि आत पाणी. संध्याकाळपर्यंत भाऊच्या राजवाड्याचं मत्स्यालय झालं, आणि मासा तो स्वतः. त्याने सगळं दुरुस्त केलं, तर वीज संपली. वीज नाही म्हणजे बेसमध्ये ऑक्सिजन नाही, आणि खारं पाणी गोडं करणारं मशीनही बंद.

हे बघताना मला सारखा सिंधुदुर्ग आठवत होता. कारण हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी खऱ्या समुद्रात, खऱ्या माणसांसाठी सोडवला गेलाय. आणि एकदाच नाही. आपल्याच किनाऱ्यावर तो पुन्हा पुन्हा सोडवला गेला, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं.

किल्ल्यांबद्दल आपण ऐकतो ते बहुतेक आकडेच असतात. इतके एकर, इतके बुरूज, इतकी उंच भिंत. रीलमध्ये ड्रोन गोल फिरतो, मागे ढोल वाजतात, संपलं. माझं म्हणणं असं आहे की समुद्रातला बेस केवढा असावा हे भिंत ठरवतच नाही. आत गोडं पाणी किती आहे, आणि किनाऱ्यावरून धान्य कोण आणि कसं आणणार, या दोन गोष्टी ते ठरवतात. भिंतीचा नंबर त्यानंतर लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यातला माणूस समुद्राच्या गोष्टी काय सांगतोय? पण पाण्याबद्दल बोलायचा हक्क आमच्या शहराला नक्की आहे. आमच्याकडे नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार त्यावर घरातले कार्यक्रम ठरतात. हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. नावातच खडक आहे, म्हणजे बघा. आणि मलिक अंबरचं ज्या कामासाठी आजही नाव निघतं ते काम म्हणजे नहर-ए-अंबरी, जमिनीखालून शहरात पाणी आणणारी व्यवस्था. योगायोग म्हणजे तिकडे समुद्रातला जंजिरा आणि इकडची खडकी, दोन्ही निजामशाहीच्या पोटातले, आणि दोन्हींचा इतिहास आफ्रिकेतून आलेल्या हबशी लोकांनी घडवला. तो धागा पुढे येईलच.

सिंधुदुर्ग. मालवणसमोरचं कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं आणि साधारण तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. कामावर हिरोजी इंदुलकर. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. हे सगळं तुम्ही शाळेत वाचलंय. मी तुम्हाला विहिरींकडे नेतो. किल्ल्याच्या आत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावांवरूनच कळतं की ते पाणी किती मोलाचं होतं. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि मध्ये गोडं पाणी.

हे चमत्कारासारखं सांगितलं जातं, पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. बेटावर पाऊस पडतो, तो जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या थरासारखं तरंगत राहतं. बेट जेवढं मोठं, तेवढा हा थर जाड व्हायला वाव. बेट चिमुकलं असेल तर थर पातळ, आणि जरा जास्त उपसा केला की विहीर खारट. म्हणजे इथे जागेचा आकार आणि पाणी यांचा थेट संबंध आहे.

एक हिशोब मी मोबाइलवर करून बघितला. ४८ एकर म्हणजे जवळपास १ लाख ९४ हजार चौरस मीटर. मालवणकडे वर्षाला अडीच मीटर पाऊस धरला, तर त्या बेटावर वर्षभरात ४८ कोटी लिटरच्या आसपास पाणी पडतं. त्यातलं बहुतेक वाहून जातं, पण थोडं जरी मुरलं तरी विहिरी भरायला पुरेसं. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून हा आकडा बघून मी जरा वेळ गप्पच बसलो.

मग असं वाटेल की बेट जेवढं मोठं तेवढं चांगलं. नाही. इथे भिंतीचा खर्च येतो, आणि खर्च म्हणजे फक्त दगड आणि चुना नाही, माणसं. तीन किलोमीटरच्या तटावर दर पाच मीटरला एक माणूस उभा करायचा म्हटला तर सहाशे माणसं लागतात, आणि तीही एका पाळीला. ती जेवणार, पाणी पिणार, झोपणार. त्यांच्यासाठी कोठारं, कोठारांसाठी पहारा. माणूस वाढला की खर्च वाढतो आणि खर्चासाठी पुन्हा माणूस वाढतो. गेममध्ये एक खोली वाढवली की वीज कमी पडते, विजेसाठी आणखी एक रिॲक्टर, त्यासाठी आणखी एक खोली. तेच चक्र.

सिंधुदुर्गाच्या मांडणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो एकटा नाही. बेट आणि किनारा यांच्या मध्ये पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. मोठा बेस एक, आणि त्याच्या भोवती छोट्या चौक्या. सगळं एकाच भिंतीत कोंबायचा अट्टहास नाही. दरवाजाही असा, की समोरून येणाऱ्याला दोन बुरुजांच्या मध्ये तो दिसतच नाही. दौलताबादला जाणाऱ्या आमच्या लोकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथे खंदक आणि अंधारी आहे, इथे खडकांतून वाट काढणारी होडी.

हे शहाणपण नंतर कागदावरही उतरलं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण कोणीही आर्किटेक्चरच्या कोर्सला लावावं असं आहे. त्याचा आशय असा: किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून टाकी खोदा. आणि झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचं पाणी कमी होतं, म्हणून साठवणीचं पाणी वेगळं हवंच. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅकअप म्हणतो आणि मीटिंगा घेतो. दरवाजा एकच ठेवू नका, दारूखाना घरांजवळ नको, हेही त्यात आहे. आणखी एक सूचना आहे: किल्ल्याजवळ त्याला भारी पडेल असा दुसरा डोंगर असू नये, असेल तर तो फोडून टाका किंवा ताब्यात घेऊन बांधून काढा. ही शेवटची सूचना लक्षात ठेवा, खांदेरीला लागणार आहे.

पण त्याआधी मुरुड. आणि इथे खरं बोलायला पाहिजे: त्या काळातला आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात चिवट समुद्री बेस शत्रूचा होता. जंजिरा. क्षेत्र २२ एकरांच्या आसपास, म्हणजे सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून कमी. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. मुख्य दरवाजा राजपुरीच्या दिशेला, आणि तोही जवळ गेल्याशिवाय नीट दिसत नाही. मराठ्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. १६८२ मध्ये तर संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकायला सुरुवात केली. कल्पना करा, भरती-ओहोटीच्या पाण्यात दगड टाकत टाकत रस्ता. तेवढ्यात मोगलांची फौज कोकणात कल्याणकडे उतरली आणि महाराजांना तिकडे वळावं लागलं. जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये.

का टिकला? भिंती मजबूत होत्याच. पण सिद्दीची मोठी ताकद भिंतीबाहेर होती. मोगलांचा पैसा त्याच्या आरमाराला मिळत होता, आणि पावसाळ्यात त्याची जहाजं मुंबई बंदरात, माझगावला, इंग्रजांच्या आसऱ्याला जाऊन थांबत. म्हणजे त्याच्या बेसची वीज दुसरीकडून येत होती. ती तार तोडल्याशिवाय किल्ला पडणार नव्हता.

जंजिऱ्यावर नजर ठेवायला महाराजांनी त्याच्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. (पद्मगड वेगळा, पद्मदुर्ग वेगळा, गोंधळू नका.) बेट लहान, आणि शत्रू डोळ्यांसमोर. हा बेस राहण्यासाठी नव्हताच, एकाच कामासाठी होता: राजपुरीच्या उरावर बसणं. आणि याच पद्मदुर्गासंबंधी महाराजांचं एक पत्र आहे, जे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र वाटतं.

पत्र राज्याभिषेकानंतरच्या काळातलं, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. पद्मदुर्गासाठी आणि आरमारासाठी जे पैसे आणि धान्य मंजूर झालं होतं ते याने पोचवलं नाही. दर्यासारंग आणि दौलतखान, म्हणजे आरमाराचे प्रमुख, त्यांनी तक्रार कळवली. आणि महाराज भडकलेले आहेत. त्यांचा सूर असा: तिकडे माणसं हबशाशी झुंजत बसली आहेत आणि तुम्ही रसद अडवून बसता, तेव्हा हबशानेच तुम्हाला काही देऊन आपले चाकर केले असेल. तुम्ही ब्राह्मण आहात म्हणून कोणी गय करणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंय.

थोडं थांबून विचार करा. चारी बाजूंनी पाणी, समोर शत्रूच्या तोफा, बांधकाम अर्धवट, आणि आतल्या माणसांचं जेवण किनाऱ्यावरच्या एका ऑफिसात अडकलंय. भिंत कितीही जाड असू दे, तिथला गवंडी आणि शिपाई उपाशी राहिला तर ती भिंत पुढच्या महिन्यात शत्रूची. आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, म्हणजे जी एक गोष्ट बिघडली की सगळंच बंद पडतं ती. पद्मदुर्गाची ती जागा बेटावर नव्हतीच, प्रभावळीच्या कचेरीत होती. आणि राजाला ते कळत होतं. म्हणून हे पत्र मला तटाच्या लांबीपेक्षा मोठं वाटतं.

आता खांदेरी. मला विचाराल तर लेआउटचा आणि टायमिंगचा खरा कस इथे लागला.

मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटं आहेत. खांदेरी लांबचं, उंदेरी किनाऱ्याजवळचं. खांदेरीवर जो बसेल त्याला मुंबई बंदरात कोण येतं आणि कोण जातं ते दिसतं. सिद्दीची जहाजं तिथेच पावसाळा काढतात हे आत्ताच सांगितलं, म्हणजे खांदेरी का हवी होती हे वेगळं सांगायला नको. १६७२ मध्ये एकदा प्रयत्न झाला होता, तो सोडून द्यावा लागला. मग १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा अजून पुरता संपलेला नसताना, मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू.

इंग्रजांनी निघून जायला सांगितलं. यांनी ऐकलं नाही. मग इंग्रजांची जहाजं येऊन बेटाभोवती उभी राहिली. सप्टेंबरमध्ये त्यांची एक तुकडी बेटाच्या फार जवळ गेली, तेव्हा त्यांचा लेफ्टनंट मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून आलं. मराठ्यांची बहुतेक जहाजं छोटी, वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की मोठ्या शिडाच्या जहाजाला नुसतं उभं राहावं लागतं आणि वल्ह्याची होडी चालत राहते. त्या दिवशी इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पण हेही सांगायला हवं की रिव्हेंज नावाचं त्यांचं दुसरं जहाज पळालं नाही, एकटं लढत राहिलं, आणि शेवटी मराठ्यांच्या होड्यांनाच नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. रीलमध्ये हा दुसरा अर्धा भाग नसतो.

खरी लढाई त्यानंतर रोज रात्री चालली. इंग्रजांचा वेढा होता, नंतर सिद्दीही त्यांना येऊन मिळाला, आणि तरी अंधारात छोट्या होड्या किनाऱ्यावरून सुटायच्या, उथळ पाण्यातून वाट काढायच्या आणि बेटावर सामान टाकून परत यायच्या. मोठ्या जहाजांना त्यांना पकडणं जमेना. दिवसा भिंत चढते, रात्री धान्य येतं. पद्मदुर्गाच्या पत्रात जी गोष्ट अडली होती, ती इथे बिनबोभाट चालू राहिली. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतलं. बेट मराठ्यांकडेच राहिलं.

खांदेरीच्या तटाबाहेर अजून एक गंमत आहे. भिंतीच्या पायथ्याशी समुद्रात मोकळे दगड टाकलेले आहेत. लाट आधी त्या दगडांवर फुटते, मग भिंतीपर्यंत पोचते, आणि शत्रूची होडी तिथे लागू शकत नाही. एकाच स्वस्त वस्तूने दोन कामं. चौकोनी घडीव दगडाची आणखी एक भिंत बांधण्यापेक्षा हे कितीतरी हुशारीचं.

आणि तरीही एक गोष्ट राहिली. उंदेरी. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने ते शेजारचं बेट पकडलं आणि तिथे आपला किल्ला बांधायला घेतला. आता खांदेरी आणि किनारा यांच्या वाटेवरच शत्रू बसला. आज्ञापत्रातली ती डोंगराची सूचना आठवली? शेजारची उंच जागा रिकामी सोडू नका. समुद्रात डोंगर नसतो, बेट असतं. आज्ञापत्र खांदेरीनंतर तीस-पस्तीस वर्षांनी लिहिलं गेलं. लिहिताना अमात्यांच्या डोळ्यांसमोर उंदेरी होती का, हे सांगता येणार नाही, पण मला वाचताना दरवेळी तीच दिसते.

एक शेवटचा मुद्दा, वाहनं कुठे लावायची. सबनॉटिकामध्ये मूनपूल असतो, बेसच्या पोटातला पाण्याचा हौद, तिथे तुमची पाणबुडी सुरक्षित राहते. विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांकडे किल्ला उत्तम होता, आरमार मोठं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसन चालून आला, जमिनीवर रॉबर्ट क्लाइव्ह, आणि पेशवेही इंग्रजांच्या बाजूने. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून उभी होती. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, तिच्यावरून दुसऱ्याला, आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. किल्ला दुसऱ्या दिवशी पडला असं म्हणा किंवा त्याच दुपारी पडला असं म्हणा, आरमार गेल्यावर त्या भिंती राखण करायला होत्या कशाची? कान्होजींनी उभं केलेलं आरमार असं गेलं, आणि पेशव्यांना त्यात आपला फायदा दिसला, हे वाचताना मला अजून राग येतो.

सिंधुदुर्गाचंही पुढे तेच. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो करवीरकरांकडून घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते वर्षभरच टिकलं. भिंत तीच, शिसं तेच, विहिरी त्याच. फरक एवढाच की समुद्रावर मराठ्यांची जहाजं आता तशी राहिली नव्हती.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, आणि खांदेरीही आहे. पद्मदुर्ग त्यात नाही. पण कधी मुरुडला गेलात तर त्याची भिंत जवळून बघायचा प्रयत्न करा. लाटांनी तिथले दगड खाल्लेत, अगदी बोटभर आत गेलेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच पुढे आलेला आहे, मधाच्या पोळ्यासारखा. ज्या माणसांचं धान्य त्या सुभेदाराने अडवलं होतं, त्यांनी भरलेला चुना तो.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, दिवाळीनंतर जा. पुढच्या भागात दौलताबाद, आणि मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी आमच्याकडे आणली ती गोष्ट. भेटू.